परत आल्याची तारीख

नातीची परीक्षा आहे आणि माझं जेवणाचं टेबल गेलं आहे. गेले काही आठवडे मी ताट मांडीवर घेऊन जेवते. टेबलावर ईराचा कॉम्प्युटर, वह्या, चार रंगांची पेनं आणि संत्र्यांच्या साली. ती न्यू टाउनच्या एका कंपनीत आहे. कंपनीने तिला रेकॉर्ड सांभाळण्याच्या कसल्याशा प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसवलंय. परीक्षा घरच्या घरी, पडद्यावर. ना नंबर शोधायचा, ना बाक, ना कुणी पाणी घेऊन फिरणारा. मला तर ती परीक्षाच वाटत नाही.

"आजी, ऐक ना. कुठला कागद किती वर्ष राखायचा, ते सगळं पाठ करायला लागते."

"लागतं," मी म्हणते.

"तेच ते."

तिचं मराठी असंच आहे. जन्म इथला, शाळा इथली, मित्रमैत्रिणी बंगाली. मी सुधारते, ती हसते, आणि आणखी एक संत्रं सोलते. डिसेंबर लागला की कोलकात्यात फुटपाथभर संत्री येतात, नव्या गुळाचा वास सुटतो, पारा दहा अंशांपर्यंतही उतरत नाही तरी बायाबापड्या पुरुषांच्या डोक्यावर माकडटोप्या चढवतात. मला हा मोसम आवडायला हवा. लोकांना आवडतो. मला मात्र संत्र्याच्या सालीचा वास आला की त्याच्या मागोमाग दुसरा एक वास येतो, गंधकाचा, आणि तोंडातला घास फिरतो. इतकी वर्षं झाली, पण नाकाला कोण सांगणार?

एकोणीसशे सत्तर संपत आलं होतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, नागपूरहून बदलीवर आलेले; मी इथेच वाढले. बी. ए. झाले आणि डलहौसीजवळच्या एका सरकारी कार्यालयात रेकॉर्डच्या खोलीत तात्पुरती लागले. कायम व्हायचं तर खात्याची परीक्षा. कागद कसा नोंदवायचा, कसा बांधायचा, कुठे ठेवायचा, कधी जाळायचा. हसू नका, जाळण्यावर अख्खं प्रकरण होतं. मी नव्या नोकरीच्या तोऱ्यात होते. आईला वाटायचं पोरगी कचेरीत जाते म्हणजे इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर बसते. प्रत्यक्षात मी दिवसभर लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते खांद्यावर घेऊन शिडी चढत होते आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा.

त्या खोलीत माझ्याबरोबर शिखा होती. बेहालाची. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच तात्पुरती, आणि रागाला माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे. आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे बोडोबाबू म्हणायचे, त्यांना ती तोंडावर म्हणायची, "तुमच्या पानाचे डाग पुसायला सरकारने मला ठेवलं नाही." बोडोबाबू हसायचे. त्यांचा एकच हट्ट होता. रॅकवरून बस्ता काढला की त्याच्या जागी पुठ्ठा उभा करायचा. हातभर लांब, पिवळट पुठ्ठा, त्यावर चार रकाने: काय नेलं, कुणी नेलं, कधी नेलं, परत आल्याची तारीख. शेवटचा रकाना भरल्याशिवाय पुठ्ठा जागचा हलायचा नाही.

"माणूस मेला तरी चालेल," बोडोबाबू म्हणायचे, "पण पुठ्ठ्याशिवाय माझी जागा रिकामी दिसता कामा नये."

त्या दिवसांत असलं काही बोलून लोक हसत, कारण माणसं खरोखरच मरत होती. रोज. पेपर उघडायचा आणि आज कुठली गल्ली ते बघायचं. नक्षल पोरं पोलिसांना मारत होती, पोलीस पोरांना, एका पार्टीची पोरं दुसऱ्या पार्टीच्या पोरांना. पुतळ्यांची मुंडकी उडवलेली. शाळांच्या प्रयोगशाळा फोडलेल्या. आणि परीक्षांवर तर दातच होता त्यांचा. कॉलेजात पोरं बाकावर चाकू रोवून समोर पुस्तक उघडून लिहायची, आणि वर्गावरचे मास्तर खिडकीबाहेर कावळे मोजायचे. आमच्या बसथांब्याच्या भिंतीवर डांबराने लिहिलं होतं की या सडक्या व्यवस्थेच्या परीक्षेला जो बसेल त्याचा हात कलम होईल. मी रोज त्या भिंतीला टेकून बसची वाट बघत नियम पाठ करायची. दुसरी भिंतच नव्हती तिथे.

बाबांचं म्हणणं, "खड्ड्यात गेली तुझी परीक्षा. नागपूरला मावशीकडे जा."

"आणि काय करू? पापड लाटू?"

"जिवंत राहा. तेवढं कर."

मी गेले नाही. हिंमत होती म्हणून नाही. मला वाटायचं, मी मराठी, मी पाहुणी, मला कोण कशाला मारेल? तरुण वयात माणूस काय काय समजून चालतं!

मग त्या थांब्यावर संत्रीवाला बसायचा तिथे बॉम्ब पडला. कुणावर टाकला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडे होते. आवाज झाला तेव्हा मी खाली बसले की पडले ते आठवत नाही. धूर उतरला आणि संत्री गटाराकडे घरंगळत चाललेली दिसली. संत्रीवाला भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात कोपरापासून नव्हता, आणि तो डाव्या हाताने जवळची संत्री गोळा करून टोपलीत टाकत होता. कुणीतरी त्याला उचललं. नंतर लोकांनी राहिलेली संत्री उचलली. होय, उचलली आणि घरी नेली. मला तेव्हा त्या लोकांचा इतका संताप आला, की तेवढा बॉम्ब टाकणाऱ्याचाही आला नव्हता. संत्रीवाला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारला असं ऐकलं. भिंतीवरची हात तोडण्याची घोषणा तशीच होती, तिच्याखाली रक्ताचा ओघळ सुकलेला. मी थांबा बदलला.

पुढची पाळी आमच्या खोलीची होती. भरदुपारी आले. तोंडाला रुमाल, हातात रॉकेलचे डबे. दारावरचा शिपाई आडवा आला तर एकाने त्याच्या पोटात चाकू घातला, जेवणाचा डबा उघडावा इतक्या सहज. मग घोषणा, मग रॉकेलचा वास. आणि मी काय ओरडले असेन? "अरे मेल्यांनो, माझे बस्ते!" तेही शुद्ध मराठीत. कुणाला ओ की ठो कळलं नाही. एक जण मात्र माझ्याकडे न बघता शिखाकडे बघत होता. "शिखादी, बाहेर हो," तो म्हणाला. शिखाने त्याच्या तोंडावरचा रुमाल खेचला आणि फाडकन थोबाडीत दिली. "खोकन! परवा माझ्या घरी मुडी खाऊन गेलास ना रे?" तो खोकन होता, तिच्या गल्लीतला, तिचा भाऊ तपन याचा जिवाचा दोस्त. ओठ फुटला होता, तरी त्याने आम्हा दोघींची मनगटं धरली आणि फरफटत बाहेर आणलं. रॅकचा बाहेर आलेला खिळा माझ्या कोपराला लागला, ती खूण अजून आहे. खोकनने मागे वळून काडी टाकली. ज्या हाताने मला ओढून काढलं त्याच हाताने.

त्याला काय म्हणायचं हे मला आजही ठरवता येत नाही. शिपाई तिसऱ्या दिवशी गेला. त्याची बायको खोलीच्या दारात आली होती, जिथे तो पडला ती जागा बघायला. बोडोबाबूंनी तिला स्टूल दिलं.

आग विझल्यावर काय केलं असेल आम्ही? जळालेल्या प्रत्येक बस्त्याच्या जागी पुठ्ठा लावला. राखेत उभं राहून. 'कुणी नेलं' या रकान्यात लिहिलं, 'आग'. मी म्हटलं, बोडोबाबू, हा काय वेडेपणा, आता काय परत येणार आहे? ते चिडले. पहिल्यांदाच चिडलेले बघितले. म्हणाले, "राख दोघांनी डोळ्यांनी पाहिली, दोघांनी सह्या केल्या, की मगच पुठ्ठा काढायचा. तोवर ती वस्तू आहे. कुठे आहे ते माहीत नाही, एवढंच." परीक्षेच्या पुस्तकात हा नियम होता. मला तो तोवर घोकंपट्टीचा वाटत होता. शिखाने आणि मी राख बघितली, सह्या केल्या, पुठ्ठे काढले. बोटं काळी झाली होती.

शिखाच्या घरी मी अभ्यासाला जायची, रविवारी. बेहालातली अरुंद गल्ली, संध्याकाळ झाली की घराघरांतून शेगड्यांचा धूर, तो धुक्यात मिसळून डोळ्यांना झोंबायचा. तपन घरात असला तर आमची टर उडवायचा. "जमीनदारांच्या कागदांना झोपवायला शिकताय? अंगाईपण शिकवतात का परीक्षेला?" उंच, किडकिडीत, हसताना एक दात दुसऱ्यावर चढलेला. तासिकेवर शिकवायचा, त्यावर आणि शिखाच्या पगारावर घर चालायचं, वडील नव्हते. शिखा त्याला म्हणायची, "तू जाळ, मी नोंद ठेवते. बघू कोण टिकतं." मला या भांडणाची मजा वाटायची. आग लागल्यानंतर मजा गेली. शिखा त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो आगीत नव्हता म्हणे. नसेलही.

मग एके सकाळी धुकं उतरल्यावर गल्ली दोन्ही तोंडांनी बंद झाली. पोलीस, त्यांच्यामागे बाहेरून आलेली फौज. घराघरांतून तरणी पोरं काढून तळ्याकाठच्या मैदानात उकिडवी बसवली, हात डोक्यावर. लॉरीत एक माणूस बसलेला, चेहऱ्यावर पोतं, डोळ्यांना दोन भोकं. तो ज्याच्यासमोर मान हलवेल त्याला उचलायचं. तपनसमोर मान हलली. शिखाने गॅलरीतून बघितलं. त्याला लॉरीत चढवताना बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला आणि तो चढलेला दात तिथेच पडला. तो तिने नंतर शोधून आणला. खोकन तळ्याची भिंत चढून पळाला असं सगळे म्हणाले. त्याच्या आईने देवापुढे दिवा लावला.

लॉरी गेली आणि तपन कुठेच नव्हता. या ठाण्यात म्हणाले आमच्याकडे नाही, त्या ठाण्यात म्हणाले असलं नावच ऐकलं नाही. गल्लीतल्या एका वकिलाने दार लावून घेऊन सांगितलं, "वहीत नाव चढलं तर कोर्टापुढे आणावं लागतं. म्हणजे जगतो. नाव चढलं नाही तर एक दिवस पेपरात येईल, पळून जाताना चकमकीत मेला. मला कागद आणून द्या. तो त्यांच्या ताब्यात आहे असं दाखवणारा एक कागद. बाकी मी बघतो."

शिखा कामावर येत राहिली. काम सोडलं असतं तर खाणार काय? शिडीवर चढायची आणि तिथेच थांबायची, बस्ता हातात. एकदा मला वरूनच, माझ्या नावातल्या 'स'चा नेहमीसारखा बंगाली 'श' करत, म्हणाली, "कुशुम, आपल्या खोलीतून उंदराने कुरतडलेला कागद हलला तरी चार रकाने भरतात. माझा भाऊ नेला गं, आणि पुठ्ठा नाही." संक्रांत होती, आईने शिखासाठी तिळगुळाची डबी दिली होती. ती मी तिच्या हातात ठेवली, आणि 'गोड बोला' हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

परीक्षेचा अभ्यास चालूच होता. शिखाच हट्टाने घ्यायची; म्हणायची, डोकं रिकामं ठेवलं तर किंचाळेन. आम्ही हातडाकेच्या प्रकरणावर आलो होतो. हातोहात पाठवलेलं पत्र डाकबहीत चढवायचं, घेणाऱ्याने बहीवर सही-शिक्का करायचा. नियम असा, की ज्याच्या नावाचं पत्र आहे तो इसम त्या ठिकाणी आहे याची खात्री करूनच सही द्यावी. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, "कोण करतं गं खात्री?"

शिखाने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

खरंच कुणी करत नाही. डाकबही आली की कारकुनाचा हात आपोआप पुढे येतो. शिपाई अंगठ्याने पान दाबून धरतो, जिथे अंगठा तिथे सही. मी स्वतः दिवसाला ढीगभर करायची, तोंडाने शिखाशी गप्पा मारत. घराघरातल्या बायका दूधवाल्याला भांडं पुढे करतात, तसं.

पाकीट खाकी. वर टाइप केलं: श्री. तपन अमुक, मार्फत ठाणे अंमलदार. आत काय घालायचं? शिखा म्हणाली रिकामं नको, हाताला लागतं. मग आम्ही आमच्या परीक्षेचं वेळापत्रक घडी करून घातलं. बाजारातून कोरी डाकबही आणली. शिखाला त्या भागात सगळे ओळखत होते, म्हणून मी जायचं ठरलं. इस्त्रीची साडी, अंबाडा, बगलेत बही. बंगाली मला छान येत होतं, पण मी मोडकंतोडकं बोलणार होते. बाहेरगावच्या सरकारी बाईकडे कुणी वाकडं बघत नाही, हा आमचा हिशेब. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला खोलीत कोंडलं असतं.

पहिल्या ठाण्यातल्या म्हाताऱ्या कारकुनाने चष्मा लावून नाव वाचलं आणि पाकीट परत केलं. खरा नियमाचा माणूस! मी मनात त्याला शिव्या घातल्या.

दुसऱ्या ठाण्यात टेबलामागचा माणूस मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, खात होता. हिरवी मिरची, कांदा, वाटीत मुडी. आणि मागच्या भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडत होतं. ओरडणं म्हणावं का ते? सुरुवात माणसाची आणि शेवट जनावराचा. दर वेळी त्याआधी एक ओला धपका. माणूस मिरचीचा तुकडा मोडत होता. मी पोट टेबलाला टेकवून उभी राहिले. बही उघडली, पान अंगठ्याने दाबलं, आणि रोजच्या कंटाळलेल्या आवाजात म्हटलं, "सही."

त्याने हात पँटला पुसला, पेन घेतलं, सही केली. शिक्का उचलला, फुंकर मारली, उमटवला. ठाण्याचं नाव, तारीख, सगळं. मग पाकीट मागे धरून हाक मारली, "अरे, हे त्या तपनचं. आतल्या." आणि तेवढं बोलून त्याचा हात हवेतच थांबला. माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"एक मिनिट, दीदी. बही बघू?"

मी चालायला लागले. धावले नाही, धावलं असतं तर गोळीच घातली असती, असं मला वाटत होतं. मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला. फाटकाबाहेर ट्राम चालली होती, तिला लटकले. ट्राममध्ये बही छातीशी धरून मी मोठ्याने रडत होते आणि कुणी विचारलं नाही. त्या वर्षी ट्राममध्ये रडणाऱ्या बाईला कुणी काही विचारायचं नाही.

वकिलाने ते पान मॅजिस्ट्रेटपुढे ठेवलं. तपनला हजर करावं लागलं. दोघांनी काखेत धरून आणला, कारण तळपाय सुजून फणसासारखे झाले होते. उजव्या हाताच्या नखांच्या जागी काळं मांस. शिखाने त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा काय म्हणाली? "तुझा दात माझ्याकडे आहे." तो हसला, भोक दिसलं. तुरुंगात गेला, पण नाव चढलेला माणूस होता तो आता. जेवण, कांबळं, सगळं त्याच्या नावावर. मला इतका आनंद झाला होता, की मी कोर्टाच्या पायरीवर बसून बुडाखाली धूळ आहे याकडेही बघितलं नाही. आम्ही जिंकलो होतो. नियमाचं एक वाक्य आणि आमच्या जातीच्या कारकुनांची एक सवय, एवढ्या भांडवलावर.

तपनला गाडीत घालताना त्याने शिखाला सांगितलं, "खोकनला पण शोधा. लॉरीत तो माझ्याशेजारीच होता. वाटेत उतरवला त्याला. परत बघितला नाही."

भिंत चढून पळालेला खोकन पलीकडच्या बाजूला पकडला गेला होता. त्याची आई तोवर निर्धास्त होती. बिहारमध्ये मामाकडे पोचला असेल म्हणत होती. आम्ही तिला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचो. ती आमच्याकडे आली तेव्हा येताना दोन खाकी पाकिटं विकत घेऊनच आली. "माझ्या मुलाचं पण लिही. तसंच लिही. तू नेलंस ना, तशीच ने."

आम्ही लिहिलं. मी दोन ठाणी केली, मग मला ओळखतील म्हणून आमच्या कार्यालयातल्या एकीने केली. काही उपयोग झाला नाही. गोष्ट पसरली होती. आता प्रत्येक टेबलामागचा माणूस नावाखाली बोट फिरवून वाचायचा आणि पाकीट परत सारायचा. शहरभरच्या ठाण्यांना आम्ही नियम शिकवला होता. मला हे आठवलं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

बजबजला नदीकाठी, गिरणीच्या मागे, प्रेतं लागलीत अशी बातमी आली. माशीमाबरोबर मी लोकलने गेले. भरतीचा चिखल, तेलाच्या टाक्या, आणि ओळीने चार पोरं, हात मागे बांधलेले. एकाला तोंडच नव्हतं. माशीमा त्याच्या पायांशी वाकली, अंगठे निरखून बघितले, पदराने एकावरचा चिखल पुसला. "माझा नाही," म्हणाली. मग बाजूच्या पोलिसाला म्हणाली, "कुणाचा तरी आहे. पाय झाका त्याचे." परतीच्या गाडीत तिने मला शेंगदाणे घेऊन दिले.

परीक्षा फाल्गुनात झाली, एका शाळेत, दाराशी बंदूकवाले. शिखा माझ्या पुढच्या बाकावर. पेपर सुरू झाल्यावर लांब कुठेतरी दोन बॉम्ब फुटले आणि कुणी मान वर केली नाही. चौथा प्रश्न होता: एखादं रेकॉर्ड सापडत नसल्यास नोंद केव्हा रद्द करावी? शिखाची पाठ हलायची थांबली. मी तिच्या वेणीकडे बघत होते. मग तिने लिहायला सुरुवात केली आणि मीही केली: सापडत नाही एवढ्या कारणाने नोंद रद्द करता येत नाही. नाश झाल्याचं दोघांनी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुठ्ठा जागेवरून काढू नये. लिहिताना मी इतकं दाबलं, की निब वाकलं.

दोघी पास झालो. कायम झालो. पेढे वाटले नाहीत.

निकालाच्या दिवशी शिखाने खोलीतला एक कोरा पुठ्ठा पिशवीत घातला. बोडोबाबू बघत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आम्ही तो माशीमाला नेऊन दिला, तिला रकाने समजावून सांगितले. मी म्हटलं, पूर्ण नाव घाला, शाळेतलं. ती म्हणाली, "मी हाक खोकन म्हणून मारते." काय नेलं: खोकन. कुणी नेलं: पोलीस. तारीख घातली. चौथ्या रकान्याकडे बघत बसली, मग पुठ्ठा त्याच्या उशीच्या जागी, भिंतीला टेकवून उभा केला. पुढे इतकी वर्षं झाली, की कायद्याने माणूस मेला असं धरता येतं. नातेवाईक म्हणाले, श्राद्ध करून टाक, त्याला गती मिळेल. तिने सांगितलं, "राख दाखवा. दोघांनी बघितलेली राख दाखवा, मग करते." वेडी म्हणाले तिला. ती वेडी नव्हती. तिला आमच्या परीक्षेला बसवलं असतं तर पहिली आली असती.

ती गेली तेव्हा पुठ्ठा शिखाकडे आला. शिखा गेली तेव्हा माझ्याकडे. सांभाळणारीचं नाव दर वेळी मागच्या बाजूला चढत गेलं. तपन आहे अजून बेहालाला. उजव्या हाताने कप धरता येत नाही, डाव्याने पितो. मी गेले की खोकनचं नाव तोही काढत नाही, मीही काढत नाही.

परवा ईराने तिच्या पुस्तकांसाठी माझं कपाट आवरायला घेतलं. "आजी, हा पिवळा पुठ्ठा कसला आहे? फेकू?"

"हात लावू नकोस!" मी इतकी ओरडले, की ती दचकली. मग टेबलापाशी बसून तिला सगळं सांगितलं, संत्रीवाल्यापासून. तिने कॉम्प्युटर मिटला. बराच वेळ पुठ्ठा उलटसुलट करून बघत होती. शेवटच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"आमच्या परीक्षेत पण आहे हे," ती म्हणाली. "सांभाळणारा बदलला की चार्ज द्यायला लागते. सही घेऊन." पुठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तू दे मला चार्ज."

माझं वय ती बोलली नाही. शहाणी आहे. मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला माशीमा, शिखा आणि माझ्या नावाखाली रेघ मारली, अंगठ्याने पुठ्ठा दाबून धरला. तिने पेन उचललं, हात पुढे आला, आणि मी अंगठा सरकवून रेघ झाकली.

"आधी पुढची बाजू. नाव वाच. मोठ्याने."

तिने पुठ्ठा उलटा केला.

"खोकन," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, दारातून कुणाला तरी हाक मारावी तसं, "खोकन." आणि मग सही केली.